कडुनिंबाची तीन पानं

१

दुकानाची भवानीसुद्धा झाली नव्हती आणि तमारबाई चोर ठरल्या.

रविवारची सकाळ होती. पनवेलच्या टपाल नाक्याजवळच्या ‘एलिशेवा पुस्तक भांडारा’चं शटर तमारबाईंनी नुकतंच वर ढकललं होतं. तमार वाक्रूळकर ज्यू आहेत, शब्बाथ पाळतात. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दुकान बंद होतं, ते रविवारी सकाळीच उघडतं. मधल्या शनिवारी साक्षात मंत्री पुस्तक घ्यायला आला तरी त्यानं शटरला नमस्कार करून परत जावं, असा बाईंचा खाक्या. त्यांच्या आईनं, एलिशेवाबाईंनी, दुकान काढलं तेव्हापासूनचा हा रिवाज आहे आणि पनवेलकरांनी तो केव्हाच पचवलाय.

तर शटर वर गेलं आणि पाठोपाठ सुर्वे आत आला. सुर्वे म्हणजे मुंबईच्या एका प्रकाशनाचा फिरता विक्रेता. एरवी आला की आधी स्टुलावर बसायचा, चहा प्यायचा आणि मग धंद्याचं बोलायचा. आज तो बसला नाही. सरळ कोपऱ्यातल्या कवितांच्या कपाटाकडे गेला, खालच्या खणापाशी उकिडवा बसला, पुढची रांग बाजूला सारली आणि मागे हात घालून एकेक जाडजूड पुस्तक बाहेर काढू लागला.

“अरे, काय शोधतोयस? कवितांच्या मागे काय असणार?” तमारबाई म्हणाल्या.

सुर्वेनं उत्तर न देता पुस्तकं गल्ल्यावर आणून ठेवली. मिठागरांवरची ती कादंबरी. यंदा अख्खा महाराष्ट्र जिच्यावर तुटून पडला होता तीच. पण ह्या प्रतींचा कागद रद्दीसारखा, छपाई पुसट, आणि मुखपृष्ठावरचा मिठाचा ढीग पांढऱ्याऐवजी पिवळट. नकली माल. चोरून छापलेला.

“काल संध्याकाळी मला फोन आला,” सुर्वे म्हणाला. “पुरुषाचा आवाज होता, नाव सांगितलं नाही. कवितांच्या खालच्या खणात, मागच्या बाजूला बघा म्हणाला. मला खोटं वाटलं होतं, तमारबाई. देवाशपथ खोटं वाटलं होतं.”

“मग ते खोटंच आहे! हा कचरा मी विकीन? मी? कोणीतरी आणून ठेवलाय हा.”

सुर्वेनं एक प्रत उघडून गल्ल्यावर झटकली. तीन वाळकी पानं भुरभुर खाली पडली. कडुनिंबाची.

“माझे वडील इथूनच पुस्तकं न्यायचे,” तो हळूच म्हणाला. “प्रत्येक पुस्तकात ही पानं असायची. पनवेलमध्ये कडुनिंब घालून पुस्तक देणारं दुकान एकच आहे, बाई. आजपासून आमच्याकडचा माल बंद. उद्या वकिलांची नोटीस येईल.”

तो पुस्तकं पिशवीत भरू लागला तशी तमारबाईंनी एक प्रत त्याच्या हातातून हिसकावून घेतली. “ही मी ठेवणार. ज्यानं ही इथं आणून घातली त्याच्या तोंडावर फेकायला मला लागणार आहे. आणि संध्याकाळी वाचक मंडळाच्या सभेला तू ये. येच तू.”

तो गेल्यावर तमारबाई त्या पानांकडे बघत राहिल्या. कारण कसर लागू नये म्हणून पुस्तकांत कडुनिंब घालणं त्या दुकानात कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालं होतं.

२

संध्याकाळच्या सभेचं थोडं सांगायला हवं, नाहीतर ह्या बाई एवढ्या का पेटल्या ते कळायचं नाही.

पनवेलात पुस्तकं मिळायला आता काय तोटा! फोनवर बोट टेकवलं की पुस्तक दारात. नवीन पनवेलला मॉलमध्ये किलोवर पुस्तकं विकणारं भलंमोठं शोरूम. ह्या सगळ्यात टपाल नाक्यावरचं एक दुकान मरत होतं, आणि त्याचं कोणाला सुतक नव्हतं. मग गेल्या वर्षी एक गंमत झाली. वाचक मंडळाच्या अध्यक्ष अरुंधती गुप्ते, निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी फोनवरून एक कादंबरी मागवली. तिचा मधला अख्खा भागच गायब. पुढच्या खेपेला आलं ते पुस्तक नकली. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी मंडळात ठराव मांडला की वर्षभर पुस्तक घ्यायचं ते तमारबाईंकडूनच. मिळायला वेळ लागला तर लागू दे, पण खरं मिळेल. ठराव झाला, आणि त्या एका वर्षानं दुकान तगलं.

ते वर्ष आज संपत होतं. पुढं काय, ते आज संध्याकाळी ठरायचं होतं. आणि नेमका आजच दुकानात नकली माल सापडला. मंडळानं पाठ फिरवली असती तर दुकानाचं शटर कायमचं खाली आलं असतं.

तमारबाईंनी उभ्या आयुष्यात रहस्यकथांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकले होते, आणि विकण्याआधी बहुतेक वाचूनही काढले होते. पोलिसांची वाट बघायची त्यांना गरज वाटली नाही.

तेवढ्यात मोनाली आली. मोनाली दुकानात कामाला होती, जासईहून रोज यायची. तिला सगळं सांगून बाईंनी नकली प्रत तिच्यापुढे धरली. मोनालीनं ती उघडली.

“हे काय आंटी? पुस्तकात पाला कुणी घातला?”

“तू शुक्रवारी हे कपाट पुसलं होतंस?”

“दुकान बंद करायच्या आधी शेवटचं तेच पुसलं ना. सगळी रांग काढून पुसलं, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलल्या. तेव्हा मागे काहीच नव्हतं. शप्पथ.”

म्हणजे जे झालं ते शनिवारी. दुकान बंद असताना, कुलूप न फोडता.

“काल कुठे होतीस?”

मोनालीचे डोळे भरून आले. “माझ्यावर संशय, आंटी? बहिणीची हळद होती. हे बघा.” तिनं फोन पुढे केला. फोटोंमध्ये ती नखशिखांत पिवळी होऊन नाचत होती, मागे कोंबडी शिजवायची पातेली, जासईचं अंगण, आणि तिच्याच ओढणीच्या टोकाला दुकानाच्या चाव्यांचा जुडगा गाठ मारून बांधलेला.

“नाचतानासुद्धा चाव्या?”

“तुम्हीच म्हणता ना, चावी अंगावेगळी करायची नाही म्हणून.”

तमारबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. “पानांचं कोणाला बोलू नकोस. कोणाला म्हणजे कोणालाही नाही.”

दारात सावली पडली. अवी आला होता. अवी हा बाईंच्या भावाचा, येहुदाचा मुलगा. शाळकरी वयात आईबापांबरोबर इस्रायलला गेला तो आता तिशी ओलांडून सुट्टीवर आला होता आणि आत्याकडेच उतरला होता. मोनालीनं त्याला काय झालं ते सांगितलं, पानांचं सोडून. त्यानं आत्याचे दोन्ही हात हातांत घेतले.

“आत्या, पुरे झालं ना आता. ज्या गावानं तुला चोर म्हटलं त्या गावासाठी कशाला जीव काढतेस? चल माझ्याबरोबर. बाबा तुझी वाट बघतोय.”

“चोर म्हणवून घेऊन मी कुठेच जाणार नाही,” तमारबाई म्हणाल्या. “आधी चोर पकडते.”

पुस्तकांत पानं घालायची ती जुनी चाल कोणाकोणाला माहीत होती? आणि आत शिरायला चावी कोणाकडे होती? दोन्ही प्रश्नांना एक नाव समोर आलं, पण त्याआधी एका माणसाला गाठायला हवं होतं. ज्याला हे दुकान नको होतं, आणि मागच्या दाराची चावी ज्याच्या खिशात होती.

३

काशीराम भगत इमारतीचा मालक. बापजाद्यांची मिठागरं होती, ती जमीन गेली, त्यातून बांधकामाचा धंदा आला, आणि आता जुनी इमारत पाडून तिथं टॉवर उभा करायचं त्याच्या मनात होतं. तमारबाई सोडून सगळे भाडेकरू तयार होते. तो चहाच्या टपरीवर सापडला. गळ्यात सोन्याची साखळी, पायांत रबरी चप्पल.

“तुमी माझ्यावर नाव घेताव काय?” सगळं ऐकून तो उठूनच उभा राहिला. “बाई, तुमचं दुकान मला नको हाय, हे मी तुमच्या तोंडावर बोललो का नाय?”

“बोललास.”

“किती येला बोललो?”

“येशील तेव्हा बोलतोस.”

“मग! आमी भांडायचं तं दारात उभं राहून भांडतो. पुस्तकं लपवून ठेवायची बायकी कामं आमी नाय करत.”

“बायकी काय त्यात? बायका काय पुस्तकं लपवत फिरतात?”

काशीराम गडबडला. “तसं नाय वो. म्हणजे… चोरटी कामं.”

“मागच्या दाराची चावी?”

त्यानं जुडगा काढून टपरीच्या फळीवर आपटला. “ही घ्या. चावी हाय, पन दार कुठं उघडतंय? तुमीच आतून गठ्ठे लावून ठेवलेत. मागं पाइप बघायला माणूस धाडला त्या टायमाला दार सूतभर सरकलं नाय. बघा जाऊन.”

दोघांनी जाऊन बघितलं, तर ते खरंच होतं. मागच्या दाराला शाळेच्या पुस्तकांचे गठ्ठे छातीइतके लागलेले होते, आणि त्यांच्यावर धूळ साचलेली होती. तिथून मांजरसुद्धा आत येणं शक्य नव्हतं.

तमारबाईंनी नकली प्रत उघडून पानं दाखवली. “हे कशाला घालतात, माहीत आहे?”

काशीरामानं पानं निरखून बघितली. “लिंबाचा पाला. गोवर आला म्हंजे उशाला ठेवतात. पुस्तकाला बी गोवर येतो काय?”

एवढं बोलून तो खो खो हसला, मग त्यांचा चेहरा बघून थांबला. “बाई, एक बोलू? तुमी दुकान सोडावं असं मला वाटतंय. पन चोर म्हणून सोडावं असं नाय वाटत. कोन हाय तो, शोधा त्याला. माणसं लागली तं सांगा.”

तमारबाईंनी एक नाव मनातल्या मनात खोडलं. आता उरलं ते दुसरं. ते उच्चारतानाही तोंड कडू होत होतं. त्यांनी रिक्षाला हात केला. “नवीन पनवेल. मॉल.”

४

दिनानाथ साठे ‘एलिशेवा’मध्ये वाढला म्हटलं तरी चालेल. कॉलेजात असताना कामाला लागला, बाईंच्या हाताखाली केस पिकवले. आणि मग एके दिवशी मॉलमधल्या किलोवाल्या शोरूमच्या मालकानं, भावेशनं, त्याला मॅनेजर म्हणून उचलला. जाताना त्यानं चावी परत दिली होती. पण चावीची नक्कल करायला कितीसा वेळ लागतो? आणि कडुनिंबाचं त्याच्याइतकं कोणाला माहीत?

शोरूममध्ये थंडगार हवा होती. ढिगांतून पुस्तकं उपसून लोक ट्रॉल्या भरत होते आणि काट्यावर नेऊन ठेवत होते. कांदेबटाटे घेताना माणूस एखादा दाबून तरी बघतो, इथं तेवढंही नव्हतं.

दिनानाथ त्यांना बघून लगबगीनं पुढे आला. “बाई! तुम्ही इथे?”

“मला संपवायचंच होतं तर समोरून यायचं होतंस, दिनानाथ.” त्यांनी पुस्तक त्याच्या छातीवर आपटलं. चार ट्रॉल्या थबकल्या.

तो त्यांना कोपऱ्यात घेऊन गेला. पुस्तक चाळलं. कागद दोन बोटांत चोळून बघितला आणि तोंड वाकडं केलं. “कोणी छापलंय हे?” मग त्याला पानं दिसली. एक पहिल्या पानाशी, एक मधोमध, एक शेवटी, तिन्हींचे देठ बांधणीच्या आत खोचलेले. त्यानं एक देठ बोटानं चाचपून बघितला.

“बोल ना. ही पानं घालायला मीच तुला शिकवलं होतं.”

“शिकवलं होतंत. आणि ती बंद कोणी करायला लावली, बाई?”

त्यानं पुस्तक मिटलं.

“डॉक्टर कर्वे ज्ञानकोशाचा खंड घेऊन दारात आले होते. प्रत्येक पानाखाली पिवळा डाग. दुकानभर ओरडले. त्या दिवशी मी तुमच्याशी भांडलो. म्हटलं, ह्यानं कसर मरते की पुस्तक मरतं? तुम्ही म्हणालात, माझ्या आईची चाल आहे. मी म्हटलं, आईला नमस्कार, पण उद्यापासून वेखंड. दोन दिवस बोलला नव्हतात माझ्याशी.” त्याचा आवाज चढला. “मला तुम्हाला अडकवायचं असतं तर मी वेखंड घातलं असतं! पान घालीन? मी?”

दिनानाथनं खुर्ची ओढली, बाई बसल्या.

“आणि अडकवू कशाला?” तो आता खालच्या आवाजात बोलत होता. “इथं जे येतात ते तुमचे वाचक नव्हेतच. ते ट्रॉली भरायला येतात. तुमच्याकडे येतो तो एक पुस्तक घ्यायला येतो. त्याला इथं काही सापडलं नाही की मीच सांगतो, टपाल नाक्यावर जा. भावेशभाईंना माहीत नाही, त्यांना सांगू नका.”

“मग सोडून का गेलास?”

“दोन मुलं कॉलेजात आहेत, बाई. राग धरलात, मी समजू शकतो. पण चोर म्हणू नका.”

तमारबाई उठल्या. आपल्याला सकाळी जे टोचलं तेच आपण ह्या माणसाला टोचलं, ह्याची त्यांना लाज वाटली. “माझं चुकलं,” त्या म्हणाल्या, आणि हे शब्द त्या बाईच्या तोंडून निघणं म्हणजे काय, ते दिनानाथलाच ठाऊक.

सरकत्या जिन्यावरून उतरताना त्यांनी पहिल्यापासून विचार केला. पानं घालणाऱ्याला दुकानाची जुनी चाल अगदी देठापर्यंत पाठ होती. पण ती चाल मोडली, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे तो दुकानाच्या आत वाढला, आणि डॉक्टर कर्व्यांचं भांडण व्हायच्या आधीच निघून गेला.

जिना संपला तरी त्यांचे पाय हलेनात. मागचा माणूस “चला ना आंटी” म्हणाला तेव्हा त्या भानावर आल्या.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

शब्बाथला तमारबाई घराबाहेर काही घेऊन जात नाहीत. ना पाकीट, ना फोन, ना चावी. काल त्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेल्या आणि तिथून एका आजारी मैत्रिणीकडे. चाव्यांचा जुडगा दिवसभर घरी खुंटीला लटकत होता. अवी आदल्या रात्री म्हणाला होता, मी कर्नाळ्याला जाऊन येतो, किल्ला बघतो. खुंटी आणि तो, दोघंच घरात होते.

पण हे नुसतं शक्य होतं, सिद्ध नव्हतं. आणि सिद्ध होऊ नये, असं बाईंना मनापासून वाटत होतं. येहुदाचा पोर. सुट्ट्यांमध्ये आजीच्या मांडीला मांडी लावून ह्याच दुकानात बसायचा.

त्या दुकानात आल्या तेव्हा मोनाली जेवायला गेली होती आणि अवी गल्ल्यावर होता. बाईंनी वाटेत घरच्या अंगणातल्या कडुनिंबाचा वाळका पाला गोळा करून आणला होता. तो एका सुपलीत ठेवला. शेजारी वेखंडाच्या पुरचुंड्यांची टोपली ठेवली. समोर पुस्तकांची चळत मांडली.

“संध्याकाळी सभेत मांडायचीत. कसर लागू नये म्हणून घालतो ते तेवढं घालून ठेव, मी तोंड धुऊन येते.”

त्या आतल्या खोलीच्या दाराआड उभ्या राहिल्या. असं चोरून बघणं त्यांना आवडत नव्हतं, पण बघितलं.

अवीनं टोपलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचा हात सुपलीत गेला. पहिल्या पानाशी एक. मधोमध एक. शेवटी एक. देठ आत खोचून. त्याचं त्याला कळतही नसावं. गुणगुणत होता पोरगा.

तमारबाई बाहेर आल्या. “छान जमतं तुला.”

“आजीनं शिकवलंय. देठ बाहेर राहिला की टपली मारायची.”

“आणि ह्या?” त्यांनी टोपली पुढे सरकवली.

“ह्या पुरचुंड्या कसल्या गं? उग्र वास येतो. तिथं कवितांच्या मागेपण हाताला…”

तो थांबला. रस्त्यावरून एक रिक्षा खडखडत गेली.

“कवितांच्या मागे हात कधी घातला होतास, अवी?”

अवीनं हातातलं पान सुपलीत परत टाकलं.

“पाला ह्या दुकानात तू गेल्यावर बंद झाला. डाग पडायचे. आता वेखंड असतं, आणि ते रांगेच्या मागे असतं, पुढून दिसत नाही. रांग काढून मागे हात घातला तरच हाताला लागतं.”

अवीचा चेहरा लहान मुलासारखा झाला. “स्टँडजवळच्या फुटपाथवरून घेतली मी ती पुस्तकं,” तो म्हणाला. “सुर्वेचा नंबर इथं बिलावर होता. त्याला पटायला हवं म्हणून पानं घातली. मला वाटलं, ते माल बंद करतील, बस. मग तू कंटाळशील. आत्या, तू एकटी राहतेस. बाबा रोज रात्री विचारतो, तमारला काही झालं तर आपल्याला कळवणारं कोण आहे तिथं? दुकान होतं तोवर तू येणार नव्हतीस. मी तुझ्यासाठी…”

“माझ्यासाठी?” तमारबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की समोरचा पानवाला वाकून बघू लागला. “माझ्यासाठी तू मला चोर केलंस? दुकान बंद पाड, आग लाव, मी नवं उभं केलं असतं. पण मी नकली पुस्तक विकते हे तू लोकांना सांगितलंस! इथं माणूस येतो तो एवढ्याच भरवशावर येतो रे, की तमार देईल ते खरं असेल. दुसरं काय आहे माझ्याकडे? एसी आहे? सूट आहे? तो भरवसा तू विकलास, आणि वर प्रेम म्हणतोस.”

अवी रडू लागला. तमारबाईंनाही रडू आलं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही.

“तोंड धू,” त्या म्हणाल्या. “सभेला जायचंय. मी तुझं नाव सांगणार नाही. तू सांगणार आहेस.”

६

सभागृह भरलं होतं. बातमी पनवेलभर झाली होती, आणि फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? सुर्वे मागच्या रांगेत बसला होता. अरुंधतीबाई व्यासपीठावर ताठ बसल्या होत्या. तमारबाई आत आल्या तेव्हा त्या उठल्या नाहीत.

“तमारबाई, ह्या मंडळानं तुमच्या शब्दावर वर्षभर पुस्तकं घेतली,” त्या म्हणाल्या. “आज जे ऐकतोय त्याचा खुलासा आम्हाला हवाय.”

“खुलासा माझा भाचा करील.”

अवी उभा राहिला. त्याचं मराठी अडखळत होतं, मान खाली होती, पण त्यानं काही वगळलं नाही. चावी, फुटपाथ, पानं, फोन, सगळं सांगितलं. सुर्वे हळूच पुटपुटला, “आवाज तोच.”

मग बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. “वाईट झालं, मान्य. पण ज्यांच्या घरातलाच माणूस दुकानात नकली पुस्तकं आणून ठेवू शकतो, तिथून आम्ही का घ्यावीत? फोनवर निदान पुस्तक परत तरी घेतात. आणि सवलत मिळते ती वेगळीच.” दोन-चार माना हलल्या. कोणी म्हणालं, बाईंचा काय दोष. कोणी म्हणालं, भाच्याला सावरायला रचलेली गोष्ट नसेल कशावरून. आवाज वाढत गेला.

अरुंधतीबाईंनी टेबलावर थाप मारली. “मतं घेऊ. ज्यांना ठराव पुढे चालू ठेवायचाय त्यांनी हात…”

“हात वर करू नका,” तमारबाई म्हणाल्या.

सगळे वळले. त्या उभ्या होत्या, पदर खोचलेला, भांडायला निघालेल्या बाईसारख्या.

“मला ठरावानं बांधलेलं गिऱ्हाईक नको. दया म्हणून तर नकोच. हा माझा भाचा आहे, तो चुकला, त्याची लाज मी झाकून ठेवली नाही. झाकली असती तर मीच नकली ठरले असते. आता पुस्तक कुठून घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फोनवरून घ्या, काट्यावर तोलून घ्या, फुटपाथवरून घ्या. मी उद्या सकाळी दुकान उघडणार आहे. कोणी आलं नाही तरी उघडणार आहे. परवाही उघडणार आहे.”

एवढं बोलून त्या निघाल्या. ठराव झाला की नाही, हे त्यांनी मागे वळून विचारलं नाही. दारात सुर्वेनं त्यांना गाठलं. वर कळवतो म्हणाला, भाच्याचा जबाब लागेल, माल सुटायला थोडा वेळ जाईल.

“हा उद्या तुझ्याबरोबर मुंबईला येईल,” तमारबाई म्हणाल्या. “आणि बापाला फोन आजच करील. स्वतः.”

७

सोमवारी सकाळी शटर वर गेलं. अवी पहाटेच सुर्वेबरोबर गेला होता. मोनालीनं झाडून घेतलं. दोघी बसल्या. समोरून माणसं येत-जात होती, आत कोणी वळत नव्हतं. मोनालीनं पुसलेली काच पुन्हा पुसली.

मग अरुंधतीबाई आल्या. पायरी चढून थोडा दम खाल्ला आणि म्हणाल्या, “ती मिठागरांवरची कादंबरी द्या.”

“नाही माझ्याकडे. माल थांबलाय.”

“कधी येईल?”

“खोटं कशाला सांगू? ठाऊक नाही.”

“बरं. मग मी थांबते. माझं नाव लिहून ठेवा.”

तमारबाईंनी एक कागद ओढला आणि नाव लिहिलं. पेन खाली ठेवायच्या आत मागून आणखी एकजण पुढे सरकली. दिपिका, कॉलेजात शिकवणारी, मंडळातली सगळ्यांत धाकटी. तिच्या हातात फोन होता.

“आंटी, ही कादंबरी ह्याच्यावर उद्या घरपोच मिळतेय. स्वस्त पण आहे.”

“मग घे की,” तमारबाई म्हणाल्या. “मी कशाला अडवू?”

दिपिकानं फोन पर्समध्ये टाकला. “अरुंधतीबाईंच्या खाली माझं नाव लिहा,” ती म्हणाली. “मलापण थांबायचंय.”

तमारबाईंना पेन सापडेना. त्यांनी गल्ल्यावरचे कागद उचकले, खण उघडला, मोनालीवर ओरडल्या.

“तुमच्या हातातच आहे, आंटी,” दिपिका म्हणाली.